पानांच्या ढिगापल्याडची शाळा

मी माझ्या थोरल्या मुलीला वाचायला शिकवलं ते उलटं. उलटं म्हणजे चुकीचं किंवा अर्धवट नव्हे. खरोखरचं उलटं, डोकं खाली आणि पाय वर. सगळी मुळाक्षरं, काने, मात्रे, जोडाक्षरं आणि अंकलिपीतला ग चा गणपतीसुद्धा. हे काही एका दिवसात झालं नाही. दोन पावसाळे मी रोज नेमाने शिकवत होते आणि मला पत्ता नव्हता. पत्ता नव्हता एवढंच असतं तर ठीक होतं, पण मी स्वतःवर भारी खूश होते.

नातवंडांना हे खरं वाटत नाही. आजी मनानं जोडून सांगते, असं त्यांचं मत आहे. तीच नातवंडं माझ्यासमोर बसून मोबाईलवर काही लिहायला लागली की पडद्यावर हात आडवा धरतात, कारण पल्याड बसूनही म्हातारी सगळं वाचते हे त्यांना अनुभवानं कळलं आहे. ही खोड मला कुठून लागली ते मात्र अजून कुणी विचारलेलं नाही.

माझं माहेर मोताळ्याचं. मी सातवी पास. तेव्हा सातवी पास होणं म्हणजे शिक्षण पुरं होणं, त्यातून मुलीच्या जातीला तर फारच. माहेरी सगळे म्हणायचे, ही मास्तरीण होणार. झाले सून. तीही जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, विड्याच्या पानांचा मळा असलेल्या घरात. घर मळ्यातच, गावापासून लांब आणि मधे एक नाला. सासरी येताना मी ट्रंकेत अंकलिपी, माझं पहिलीचं पुस्तक आणि पाटी घालून आणली होती. सासूबाईंनी ट्रंक उघडून पाहिली, पुस्तक दोन बोटांत धरून उचललं आणि विचारलं, हे काय शिजवून खाते का वो? त्या घरात वाचणारं माणूस नव्हतंच. सासऱ्यांचा हिशेब तोंडी असे आणि तो कधी चुकत नसे. माझे मालक दुसरीतून मळ्यात आले होते. त्यांना सही येई आणि बाजारच्या पाट्या अंदाजानं कळत. अशा घरात सातवी पास बाईच्या डोक्यात वारं शिरायला कितीसा वेळ लागतो?

महाराष्ट्र तेव्हा नुकताच झाला होता. सासरे म्हणत, राज्य नवं आलं पण नाला जुनाच हाय. आणि ते खरंच होतं. शाळा गावात, नाल्याच्या पलीकडे. पावसाळ्यात पाणी चढलं की दोन-दोन दिवस उतरत नसे. मळ्यांतली मुलं बापांच्या खांद्यावर बसून जात. मुलींना खांद्यावर कोण घेतो? माझी मुलगी सहाची झाली तेव्हा सासरे म्हणाले, थोरली होऊ दे, मग पाहू. त्यावर मी सासूबाईंच्या तोंडून निरोप पाठवला की तोपर्यंत मी तिला घरीच शिकवते. निरोप पाठवला म्हणजे मी दाराआड उभी राहून बोलले आणि सासरे दाराच्या त्या अंगाला ऐकत होते, तरी सासूबाईंनी ते सगळं पुन्हा एकदा सांगितलं. आमच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. ते म्हणाले, शिकव म्हणा, कामं झाल्यावर.

कामं होतात कधी? म्हणून शाळा कामातच भरली.

पानमळ्याचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना थोडं सांगते. सकाळी पुरुषमाणसं वेलांवरून पानं खुडून आणत आणि ओसरीत ओल्या फडक्यावर त्यांचा ढीग घालत. मग बायकांनी बसून ती निवडायची. मोठं पान इकडे, लहान तिकडे, फाटलेलं, डागाचं बाजूला. देठ सारखे करून चवड लावायची, पाणी शिंपडायचं, टोपलीत केळीचं पान घालून त्यावर रचायची. ढीग मधे आणि माणसं समोरासमोर, अशीच बैठक असते, कारण शेजारी बसलं तर एकीचा हात ढिगापर्यंत पोचतच नाही. तर ढिगाच्या अल्याड मी, पल्याड माझी लेक. मधे एक टोपली पालथी घातलेली आणि तिच्यावर पुस्तक. माझे हात ओले, म्हणून पुस्तकाचं पान उलटायचं काम तिचं. आणि मी विड्याच्या पानाचा देठ घेऊन अक्षरावर टेकवायची. क. ख. ग.

पुस्तक कुणाकडे तोंड करून होतं, हे आता तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी वाचून दाखवणार, मी चूक काढणार, तर पुस्तक माझ्याकडेच असायचं, नाही का? त्या सातवी पास बाईंना यात काही वावगं दिसलं नाही.

महिन्यातल्या त्या चार दिवसांत पानांना शिवायचं नाही, मळ्यात पाऊल टाकायचं नाही, असा नेम होता. बाकीच्या बायकांना ते दिवस कंटाळ्याचे वाटत. माझी तेव्हा पूर्ण वेळ शाळा भरे. मी अंगणाच्या एका कोपऱ्यात बाजूला बसलेली, मुलीनं मला शिवायचं नाही म्हणून ती चार हात लांब, समोर. पुस्तक मधे जमिनीवर. पुन्हा माझ्याकडेच तोंड करून. म्हणजे काम असो की सुट्टी, माझ्या शेजारी बसून त्या पोरीनं एक ओळ वाचली नाही. मांडीवर घ्यायला तिच्या पाठची धाकटी होतीच.

शाळेचा थाट मात्र मी काही कमी ठेवला नव्हता. पितळी वाजवून घंटा करायची. हजेरी घ्यायची. विद्यार्थिनी एकच, पण हजेरी रोज. ती "हजर" म्हणे आणि मग बाजूला बांधलेल्या वासराच्या वतीनंही "हजर" म्हणे. सासूबाई तिकडून म्हणत, माझं नाव नाही का वो पुकारत? मी तोंड फुगवून बसायची. मला वाटे, मी काहीतरी मोठं काम करते आहे आणि या अडाणी माणसांना त्याची किंमत नाही.

लिहायला लागली तेव्हा तर मी हुरळूनच गेले. पाटी त्याच पालथ्या टोपलीवर. ती पल्याडून लिही आणि अक्षर उमटे ते माझ्या बाजूनं सरळ. तिच्या उजव्या हाताकडून सुरुवात करून डाव्या हाताकडे ओढत नेई, रेघ तिच्या पोटाच्या बाजूला. मला पाटी फिरवून घ्यावी लागत नसे. मी मालकांना कौतुकानं सांगितलं, पाहा, पोरीला किती समज आहे, मला त्रास नको म्हणून माझ्याकडे तोंड करून लिहिते. त्यांनी वाकून पाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, ती उलटी लिहून राह्यली का? मी म्हटलं, दुसरीत मळ्यात आलेल्या माणसानं यात बोलू नये. ते बिचारे टोपली उचलून बाजाराला गेले. एवढा एक माणूस खरं बोलला होता आणि त्याला मी असं उडवून लावलं.

पोरगी आठाची झाली. माझ्याजवळची दोन पुस्तकं संपली होती. ती दोन्ही अख्खी वाचे, कुठूनही उघडा. पुढे शिकवायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि घरच्या शाळेचा दाखला कुणी देत नाही हे मलाही कळत होतं. सासूबाईंच्या बोलण्यात तिच्या लग्नाची गोष्ट अधूनमधून यायला लागली होती. आठव्या वर्षी लग्न कुणी करत नव्हतं, पण जी पोर शाळेत नाही तिच्यासाठी पाहणं लवकर सुरू होई. मग मी पुन्हा दाराआडून निरोप पाठवला. शेजारच्या मळ्यातल्या दोन मुली आता गावातल्या शाळेत जात होत्या, सोबत झाली होती. सासऱ्यांनी पान तोंडात टाकलं. मग म्हणाले, गुरुजीनं तिसरीत घेतली तर जाऊ दे. पहिलीत बारक्या लेकरांत एवढी पोट्टी बसवून मी गावाले तमाशा दाखवत नाही. तिसरी नाही तर मळा.

मला यात भिण्यासारखं काही वाटलं नाही. तिसरी काय, चौथीत घेतील, अशी माझी घमेंड.

शाळा उघडल्यावर सासरे तिला घेऊन गेले. पोरगी भिते, या सबबीवर मला मागून यायची परवानगी मिळाली. आत पुरुषमाणसं, म्हणून मी डोक्यावरचा पदर ओढून बाहेर खिडकीशी उभी. खिडकी गुरुजींच्या पाठीमागे होती. म्हणजे गुरुजींची टोपी, त्यांच्यापुढे टेबल आणि टेबलापलीकडे माझ्याकडे तोंड करून माझी लेक. नवं परकर-पोलकं, डोक्याला चोपडून तेल. मागे अख्खा वर्ग बसलेला.

आधी पाढे झाले. पाढे तोंडी असतात, त्यात उलटसुलट काही नसतं. ती तिसापर्यंत न थांबता म्हणत गेली. गुरुजी खुर्चीत पुढे सरकले. सासऱ्यांची मिशी हलली. मी खिडकीच्या गजाला धरून मनात म्हटलं, घ्या.

मग गुरुजींनी तिच्या हातात पुस्तक दिलं. तिनं ते टेबलावर आडवं धरलं, अगदी सहज फिरवलं आणि वाचायला लागली. खडाखडा. गुरुजींनी हात पुढे करून पुस्तक सरळ केलं. तिनं पुन्हा फिरवलं. त्यांनी पुन्हा सरळ केलं आणि जरा आवाज चढवून म्हणाले, नीट धर. मला गुरुजींचा राग आला. कारण मला खिडकीतून पुस्तक दिसत होतं ते तिनं धरलेलंच बरोबर होतं. मला अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. हा माणूस चांगलं धरलेलं पुस्तक उलटं कशाला करतो आहे, हेच मला कळेना.

गुरुजींना वाटलं पोरगी चेष्टा करते. त्यांनी बाजूच्या फळ्यावर एक ओळ लिहिली आणि म्हणाले, हे वाच. ती फळ्यापुढे गेली. पुस्तक फिरवता येतं, फळा कसा फिरवणार? तिनं मान एका खांद्यावर टाकली, मग दुसऱ्या. मग तिनं फळ्याकडे पाठ केली, परकर गुडघ्यात धरला, खाली वाकली आणि दोन पायांच्या मधून फळ्याकडे पाहून ती ओळ वाचली. बरोबर वाचली. एक काना चुकला नाही.

वर्ग हसायला लागला तेव्हा ती वाकलेलीच होती. हसताहेत कशाला हे पाहायला ती उभी राहिली, वळली आणि तिनं सरळ खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे. आणि तेव्हा, त्या क्षणाला, त्या हुशार बाईंच्या डोक्यात उजेड पडला. ओसरी, ढीग, पालथी टोपली, अल्याड मी, पल्याड ती. आत जाऊन तिला उचलायचं होतं. पण सासरे आत, गुरुजी आत. मी पदर तोंडाशी धरून तिथेच.

गुरुजी वाईट नव्हते. सगळं लक्षात आल्यावर त्यांनी पोरांना गप्प केलं आणि सासऱ्यांना सांगितलं की मुलगी हुशार आहे, पण मी हिच्यासाठी फळा उलटा कसा टांगू? पहिलीत बसवा, सरळ शिकेल. सासरे नको म्हणाले. मग गुरुजी म्हणाले, दिवाळीनंतर आणा, सरळ वाचायला लागली तर पुन्हा पाहू. सासरे नातीला घेऊन निघाले. नाला ओलांडल्यावर, मागून येणाऱ्या मला ऐकू जाईल अशा बेतानं नातीला म्हणाले, "दिवाळीपर्यंत तुह्या मायले पाहू दे काय करते ते. मंग पानं हायतच."

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पानं निवडताना म्हणाल्या, "पोट्टी शिकवली का वटवाघूळ केलं वो?"

मी हसले नाही. आता हसते. वटवाघळाची उपमा तिथे जितकी चपखल बसली तितकी मला सातवीच्या पेपरात एकही सुचली नव्हती.

मग सुरू झाली माझी खटपट. मला वाटलं होतं, उलटं आहे ते सरळ करायचं, चार दिवसांचं काम. पुस्तक सरळ तिच्यापुढे ठेवलं. ती पाहत बसली. मी विचारलं, हे काय? तिला सांगता येईना. क सुद्धा. जी पोर कालपर्यंत कुठलंही पान धडाधड वाचत होती ती सरळ क पुढे मुकी. मी पुस्तक टोपलीला सुतळीनं बांधून टाकलं, म्हणजे फिरवता येणार नाही. ती उठली, ढिगाला वळसा घालून माझ्या बाजूच्या कोपऱ्यापर्यंत आली, तिथून डोकावली, पुन्हा जागेवर गेली. तिला मी मांडीत घेऊन बसले, तिची पाठ माझ्या पोटाला, पुस्तक दोघींच्या पुढे. हीच बरोबर रीत, सगळं जग अशीच पोरं शिकवतं, असं मी स्वतःला बजावलं. तिचं अंग नुसतं ताठ. दर अक्षराला ती मान वळवून मागे बघायची, बरोबर आहे का म्हणून, आणि मी तिच्या कानाशी ओरडायची, माझ्याकडे काय बघतेस, पुस्तकात बघ. तिची मान दुखायला लागली. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आम्हा सगळ्यांना लागला, अक्षरं होती तशीच राहिली.

एकदा मी तिला विचारलं, अगं, चित्रं तरी दिसत होती ना तुला? गणपतीचे पाय वर, सोंड वर, तुला काही वाटलं नाही? तिनं सरळ सांगितलं की वाटे. पण पुस्तक तुझं होतं, मी पल्याडून पाहत होते, पल्याडून तसंच दिसणार. तिच्या मते यात विचारण्यासारखं काही नव्हतं. माझ्यापेक्षा तिचं डोकं सरळ होतं असं म्हणायचं.

पाऊस सरत आला तसं तिनं पुस्तकाला हात लावणंच सोडलं. बाजाराच्या दिवशी ती आजोबांबरोबर गावात जाई, ते बंद केलं. का, तर नाल्याशी गावातली पोरं तिला पाहिली की वळून वाकत आणि पायांतून बघत. हे मला तिनं सांगितलं नाही, शेजारच्या मळ्यातल्या मुलींनी सांगितलं. मी त्या पोरांना काय करणार होते? घर सोडून नाल्यावर जाऊन उभी राहू? मी त्या मुलींच्या आईला सांगितलं, ती म्हणाली पोरं आहेत, चालायचंच. मालकांना सांगितलं, ते म्हणाले मी बोलतो, आणि बोललेही असतील. पोरं वाकायची थांबली नाहीत.

एका दुपारी मी फार चिडले. सरळ क, सरळ क, असं म्हणत मी तिचं बोट धरून पाटीवर दाबून फिरवलं. पेन्सिल तुटली. ती रडली नाही. पाटीकडे बघत म्हणाली, "माय, सरळ केले का ते मले ओळखत नाही."

मी पाटी ठेवून दिली. उठून विहिरीवर गेले, पाणी काढायचं नव्हतं तरी बादली सोडली. लहानपणापासून मी ऐकत आले होते की आईनं मनावर घेतलं तर मुलाला घडवते. घडवलं होतं खरं मी. इतकं पक्कं घडवलं होतं की आता माझ्याच हातानं मोडेना. बाहेरच्या कुणी बिघडवलं असतं तर त्याला बोल लावता आला असता. दिवाळी जवळ येत होती आणि मी काहीही केलं तरी ती पोर पुस्तकापासून आणखी लांब जात होती. सासूबाईंनीही आता टोमणे बंद केले होते. टोमणे बंद झाले म्हणजे त्यांनी मनात निकाल लावून टाकला, हे मला कळत होतं. त्यांनी तिला पानांची प्रतवारी शिकवायला घेतली. ती छान निवडायला लागली. मला ते पाहवेना आणि थांबवताही येईना, कारण निवडत तर छान होती.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको आणि मला जे शेवटी सांगायचं आहे ते मोकळेपणी सांगता येईल. दिवाळीनंतर ती सरळ वाचू लागली होती. खडाखडा नव्हे, दगडांवरून नाला ओलांडावा तशी, एकेक अक्षर चाचपत. गुरुजींनी तिला तिसरीत घेतलं नाही, दुसरी देतो म्हणाले. सासऱ्यांनी तिसरीचा शब्द दिला होता आणि ते शब्दाचे पक्के, म्हणून मी खिडकीशी डोळे मिटून घेतले. ते तिथून तसेच निघाले. मग घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, सांग तिले, दुसरी तर दुसरी. मी दाराआडच होते. सासूबाईंनी वळून मला पुन्हा सांगितलं, दुसरी तर दुसरी. मास्तरीण वगैरे काही झाली नाही ती. सातवीपर्यंत गेली, माझ्याइतकीच, आणि मग तिचं लग्न झालं. आता डोळ्याला चष्मा लावून पेपर सरळ धरून वाचते. घाईत काही लिहिलं की कधी कधी एखादं अक्षर अजून उताणं पडतं, ते मी कुणाला दाखवत नाही.

तर दिवाळीआधीची ती सकाळ. ढीग मोठा होता, पाडव्याला पानांना मागणी असते. सासूबाई चुलीकडे होत्या. ओसरीत आम्ही दोघीच, अल्याड मी आणि पल्याड ती, पानं निवडत. पुस्तक कोनाड्यात होतं, कितीतरी दिवसांत मी ते काढलं नव्हतं. मी चवड लावता लावता थांबले. मला रडू यायला लागलं होतं आणि हात ओले असल्यामुळे डोळेही पुसता येईनात. मी तिला म्हटलं, मला आता काही सुचत नाही. मांडीत घेऊन झालं, बांधून झालं, रागावून झालं. मी शिकवलं ते चुकलं आणि आता जे बरोबर आहे ते मला शिकवता येत नाही. तूच सांग मी काय करू.

आठ वर्षांच्या पोरीला असं विचारणारी आई मी. दुसरं कुणी विचारायला नव्हतंच.

ती हातातलं पान खाली ठेवून उठली. कोनाड्यातून पुस्तक काढलं, टोपली पालथी घातली, आणि पुस्तक तिच्यावर ठेवलं. मग स्वतःच हळूहळू फिरवलं, गणपतीचे पाय तिच्या बाजूला येईपर्यंत. मी उठून तिच्या शेजारी जायला निघाले, तशी तिनं हात आडवा धरला आणि म्हणाली, "तू समोरच बस माय. बाजूले बसली का तुहं तोंड दिसत नाही, मंग मले बरोबर का चूक समजत नाही. पुस्तक माह्याकडे राहू दे. आता उलटं तू वाच."